आम्ही टॅक्स लावणारे

"एवढा टॅक्स का लावलात वो मला?"

समोरच्या खुर्चीतले गृहस्थ असं विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसतो. दुखावलेपण असतं. वीस वर्षांची ओळख, मुलीच्या लग्नात पंगतीला आग्रह करून वाढलेला माणूस, आणि यानं आपल्याला २१,००० रुपये टॅक्स लावावा? बरं, शेजारच्यांवर मात्र याची मर्जी. "त्यांना दिलात की गेल्या वर्षी रिफंड. चांगला ११,००० दिलात." म्हणजे मी ड्रॉवर उघडला, नोटा मोजल्या आणि शेजाऱ्यांच्या हातावर ठेवल्या.

सांगलीत हरभट रोडला लागून एक बोळ आहे, तिथं जिना चढून वर माझं ऑफिस. पाटीवर 'कर सल्लागार' असं लिहिलंय. १९९४ साली बी.कॉम. होऊन मी एका वयस्कर टॅक्स वकिलांच्या हाताखाली टायपिंगला लागलो. ते गेल्यावर त्यांच्या फायली, त्यांची गिऱ्हाइकं आणि त्यांचा कुरकुरणारा पंखा, असं तिन्ही माझ्याकडं आलं. मी सीए नाही. तरी निम्मी गिऱ्हाइकं मला 'सीएसाहेब' म्हणतात आणि उरलेली 'वकीलसाहेब'. दोन्ही दुरुस्त करायचं मी सोडून दिलं. तिसरा गैरसमज मात्र मी रोज दुरुस्त करतो आणि तो रोज नव्यानं उगवतो. तो म्हणजे, टॅक्स मी लावतो. दर माझा, सूट माझ्या मर्जीची, आणि जरा गोड बोललं, खालून चहा मागवला, तर थोडं कमी होईल. मेथी घेताना भाजीवाली शेवटी कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तशी मीही एखादी वजावट वर टाकीन.

खरं तर टॅक्स लावणाऱ्या माणसाचं नाव मला पाठ आहे. जेम्स विल्सन. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा स्कॉटिश गृहस्थ. १८५७च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली, ती भरायला त्याला इकडं पाठवलं, आणि १८६० साली त्यानं हिंदुस्थानला इन्कम टॅक्स लावला. २४ जुलैला खातं 'आयकर दिन' साजरा करतं तो त्याचाच. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आजारानं वारला. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो ते इतिहासाची गोडी लागावी म्हणून. ते मान हलवून एवढंच म्हणतात, "बघा!" आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

२०२५ सालचा उन्हाळा तर मी विसरणार नाही. १ फेब्रुवारीला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत जाहीर केलं की नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. घोषणा होती एप्रिल २०२५पासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी. लोक रिटर्न भरायला आले ते त्याच्या आदल्या वर्षाचं, आणि त्या वर्षी मर्यादा होती ७ लाखांची. पुढचे चार महिने माझे या एका वाक्यात गेले. एक निवृत्त अधिकारी आले. सगळं वजा जाता करपात्र उत्पन्न बरोबर ९ लाख. टॅक्स ४१,६०० रुपये. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"टीव्हीवर स्वतः बाईंनी सांगितलंय, बारापर्यंत माफ."

"पुढच्या वर्षीपासून, काका."

"हां. म्हणजे दिल्लीत माफ झाला. तुमच्याकडं अजून यायचाय."

जणू रेशनची साखर. तालुक्याला आली, आमच्या दुकानात अजून उतरली नाही, किंवा उतरली असेल आणि मी पोत्याखाली दडवून ठेवली असेल.

या धंद्यात कष्टाचं काम हिशेबाचं नाही, तो संगणक करतो. कष्ट आहेत ते कागदांचे. "फॉर्म १६, बँकेचं पासबुक आणि विम्याच्या पावत्या, तीनच गोष्टी आणा," असं सांगितलं की माणूस पिशवी घेऊन येतो. पिशवी बस्त्याच्या दुकानात फुकट मिळालेली असते. तिच्यातून लाईटबिलं निघतात, गॅसचं पुस्तक निघतं, नातवाचं प्रगतिपुस्तक आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट निघतो. फॉर्म १६ सोडून सगळं निघतं. एकांच्या पिशवीतून जन्मपत्रिका निघाली. मी परत द्यायला लागलो तर म्हणाले, "असू द्या, बघून ठेवा. धनस्थानाचं त्यात आहे."

एकांनी गणेश मंडळाची ५,००१ रुपये वर्गणीची पावती पुढं केली. "ही ८०जीला धरा." मी समजावलं की ज्याला देणगी दिली त्याची खात्याकडं तशी नोंदणी लागते, आणि २,०००च्या वर रोख दिलेलं चालत नाही.

"देवाला दिलेलंसुद्धा?"

"देवाचा पॅन असला तरी नोंदणी लागतेच."

"देवाला कुठला पॅन?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकी अंगात असते. मी सांगितलं की हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती धरता येते, तिच्या नावावर मालमत्ता असली तर तिच्या उत्पन्नावर आयकराची आकारणी होऊ शकते, १९६९ साली सुप्रीम कोर्टानं तसा निकालच दिलाय. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात जोडून म्हणाले, "म्हणजे त्यालाही सोडलं नाही तुम्ही."

कागद नसण्याचं सांगलीचं म्हणून एक खास कारण आहे. "पुरात गेले." २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. गावभागात माणसं होडीतून बाहेर काढली. तेव्हा खरंच पुष्कळांचं पुष्कळ गेलं, आणि गंमत अशी की ज्यांचं खरंच गेलं त्यांनी मला कधी ही सबब सांगितली नाही. एक शिंपी होते, त्यांनी दुकानातले चिखलानं माखलेले कागद धुऊन, दोरीवर वाळवून, इस्त्री करून आणले होते. पावत्यांना कडक घड्या. त्या वर्षीची फी मी घेतली नाही, आणि त्यांनी माझी पँट दोन इंच आखूड करून दिली, तीही फुकट.

सबब सांगतात ते दुसरेच. २०२४ सालच्या मेडिक्लेमची पावती मागितली तर विश्रामबागेतले एक सद्गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पुरात गेली." विश्रामबाग उंचावर. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. पूर पाच वर्षं आधीचा.

"चौथ्या मजल्यावर पाणी आलं?"

"तसं नाही हो," ते म्हणाले. "पण तेव्हापासून घरात काही सापडतच नाही."

पूर्वी कांदेपोहे करून मुलगी दाखवत. ती पद्धत आता बरीच मोडली. उत्पन्न मात्र अजून दाखवतातच. माझ्या ऑफिसात 'उत्पन्न किती आहे' हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. विचारतात ते, "किती दाखवू या?" आणि कुणाला दाखवायचं त्यावर उत्तर ठरतं. एका हार्डवेअरच्या दुकानदाराचंच सांगतो. जुलैमध्ये आला तेव्हा म्हणाला, "साहेब, चाराच्या वर नको. धंद्यात काही राहिलं नाही." नोव्हेंबरात घराच्या कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांच्या 'फायली' मागितल्या. लगेच जिना चढून वर. "ती चारवाली बारा लाखांची करून द्या की." फेब्रुवारीत मुलाला स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी आडून चौकशी केली तेव्हा याच्या तोंडातून पंधरा निघून गेले होते, आता त्याचा कागद हवा होता. आणि जूनमध्ये धाकटीच्या कॉलेजप्रवेशाला दाखला पाहिजे होता, तो ८ लाखांच्या आतला, तहसीलदाराला. एका वर्षात एका माणसाची चार उत्पन्नं. मी म्हटलं, शेठ, कुठलं तरी एक खरं असेलच की. तो विचारात पडला. खरोखर पडला. मग म्हणाला, "ते बघावं लागंल."

कमी दाखवण्याचा राजमार्ग म्हणजे शेती. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे सांगली जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. तासगावकडचे माझे द्राक्षबागायतदार आहेत, त्यांच्या सात-बाऱ्यापासून औषधांच्या बिलापर्यंत सगळं चोख असतं, आणि अवकाळी पाऊस झाला की त्यांचे चेहरे बघूनच मी चहा सांगतो. ते कधी "शेती दाखवा" म्हणत नाहीत. त्यांची शेती दिसतेच. म्हणतात ते फ्लॅटवाले. "थोडी शेती दाखवा की." कुठं आहे? "मामाची आहे." एकानं तर मोबाईलवर वाचून आणलं होतं की नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचं धरतात. हे बरोबर आहे, कायद्यात तसं आहे. मग त्यानं फोटो दाखवला. गॅलरीत सहा कुंड्या. दोन जास्वंदी, एक कोरफड, एक तुळस आणि दोन नुसत्याच.

घरभाड्याचंही एक गमतीचं गणित आहे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्यामुळं माझ्याकडं येणाऱ्या नोकरदारांपैकी कितीतरी जण महिना ८,३३३ रुपये भाड्यानं राहतात. कुणी कुपवाडला राहतो, कुणी पुण्याला कोथरूडला, कुणी ठाण्याला. घर वन रूम असो की थ्री बीएचके, भाडं ८,३३३. माझ्या मते हा देशातला सगळ्यात स्थिर दर आहे. सोनंसुद्धा इतकं स्थिर नाही.

कुपवाड एमआयडीसीतला एक तरुण इंजिनियर असाच आईला भाडं 'देत' होता. घर आईच्या नावावर, त्यामुळं कायद्यानं अडचण नाही. मी विचारलं, खरंच देतोस का? तो हसला. "आईला कोण भाडं देतं सर? दाखवायचं फक्त." मी त्याला सांगितलं की दाखवायचं असेल तर द्यायचंही, बँकेतून द्यायचं, आणि आईच्या रिटर्नमध्ये ते भाडं म्हणून धरायचं. तो गेला, आणि भाड्याच्या पावत्यांवर आईची सही घ्यायला बसला. हीच त्याची चूक. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. न वाचता सही करणाऱ्यांतल्या नव्हेत. चार दिवसांनी गुडघ्यावर हात ठेवत त्या जिना चढून आल्या.

"महिना ८,३३३. वर्षाचे किती?"

"९९,९९६."

"चार रुपये सोडले मी," त्या म्हणाल्या. "बाकीचे द्यायला सांगा त्याला."

तो आता दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं भरतो. मला रस्त्यात भेटला की ओळख दाखवत नाही.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी, हे दाखवणं-लपवणं आता उतरणीला लागलंय. नोव्हेंबर २०२१मध्ये खात्यानं एआयएस नावाचं विवरणपत्र सुरू केलं. तुमचं कुठल्या बँकेत किती व्याज, कुठल्या शेअरचा किती लाभांश, कधी काय विकलं, सगळं तिथं आधीच येऊन बसलेलं असतं. चाळीत एक काकू असायच्या, त्यांना सगळ्या घरांतलं सगळं माहीत असायचं. एआयएस म्हणजे त्या काकू, फक्त पासवर्डवाल्या. पासवर्डही काय, पॅन आणि पुढं जन्मतारीख.

एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको दर वर्षी जोडीनं येतात. माझा मॉनिटर जरा गिऱ्हाइकाकडं वळवलेला असतो, आकडे त्यांनाही दिसावेत म्हणून. मास्तरांचं एआयएस उघडलं. पेन्शन, त्याखाली सांगलीच्या बँकेचं व्याज, आणि त्याखाली मिरजेतल्या एका बँकेचं व्याज, ४२,३१८.

"मिरजेत कुठलं खातं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पंख्याकडं बघितलं. पंखा कुरकुरला. मास्तर म्हणाले, "जुनं असेल." जुन्या खात्याला ४२,००० व्याज येत नाही हे बाईंना कळत होतं, मला कळत होतं आणि पंख्यालाही. मग वातावरण निवळावं म्हणून मी घाईनं बाईंचं एआयएस उघडलं. तिथं माधवनगर. मास्तरांना ठाऊक नसलेलं. आता दोघंही एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघायला लागले. दोघांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. हे तुम्ही कशाला काढलंत? तेव्हापासून मी मॉनिटर भिंतीकडं फिरवून ठेवलाय.

माणसं मला ऑफिसात भेटतात त्याहून जास्त लग्नात भेटतात. अक्षता पडतात, मी पंगतीत बसतो, जिलेबी पानात येते आणि शेजारून आवाज येतो, "एक छोटासा प्रश्न होता." प्रश्न कधीच छोटा नसतो. त्यात तीन भाऊ, एक प्लॉट आणि न केलेलं मृत्युपत्र असतं. डॉक्टरला लग्नात कुणी शर्ट काढून पाठ दाखवत नाही. मला दाखवतात. त्यातला ठरलेला प्रश्न, आहेरावर टॅक्स आहे का? नाही, लग्नातल्या आहेरावर नवऱ्यामुलाला किंवा नवरीला टॅक्स नाही. इतर वेळी मात्र नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,०००च्या वर भेट आली तर ती उत्पन्नात धरतात. आणि 'नातेवाईक' कोण, हे कायद्यानं ठरवलेलं आहे.

ही यादी मी दर वर्षी नव्या कौतुकानं वाचतो. सख्खा भाऊ आहे, मावशी आहे, आत्या आहे, साडूसुद्धा आहे. चुलतभाऊ नाही. भाऊबंदकीचा पुरता अनुभव असल्याशिवाय हे कलम कुणाला सुचणार नाही. त्याहून गमतीचं मामाचं. मामानं भाच्याला लाखाची भेट दिली तर भाच्याला टॅक्स नाही, कारण आईचा भाऊ यादीत आहे. पण भाच्यानं मामाला लाख दिले, तर मामाला लागतो. बहिणीचा मुलगा यादीत नाही. लोक म्हणतात यात विसंगती आहे. मला तर हे कलम जाणत्यानं लिहिल्यासारखं वाटतं. मामानं द्यायचं असतं. भाचा कधी मामाला काही देतो, ही शक्यताच कायदा करणाऱ्यांच्या मनात आली नसावी.

फॉर्मच्या नावांबद्दल मी फार बोलणार नाही. नव्वदच्या दशकात 'सरल' आला. मग 'सहज' आला, 'सुगम' आला. चांगल्या घरातल्या तीन बहिणींची नावं वाटतात. स्वभावाचं मी काही सांगत नाही, लग्न जमायला अडचण नको. आणि 'मागील वर्ष' म्हणजे ज्या वर्षात कमावलं ते, 'निर्धारण वर्ष' म्हणजे त्याच्या पुढचं, हे मी तीस वर्षं समजावत आलो. समजलेलं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही. आता १ एप्रिल २०२६पासून १९६१चा कायदा जाऊन नवा लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली, आणि 'मागील' व 'निर्धारण' दोन्ही काढून एकच 'कर वर्ष' ठेवलं. म्हणजे लोकांना कळत नव्हतं ते बरोबरच होतं. दर मार्चला ज्याच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्रात पॉलिसी विकल्या गेल्या त्या ८०सीचा नवा नंबर १२३ आहे. एका एलआयसी एजंटाला हे सांगितलं तर त्याचे डोळे भरून आले. घरातलं माणूस गेल्यासारखा तो म्हणाला, "एक-दोन-तीन? हे काय नाव झालं?"

नोटिशीचं मात्र सांगायला हवं. रिटर्न भरलं की खात्याकडून एक सूचना येते, तुमचा हिशेब आणि आमचा हिशेब जुळला. टॅक्स शून्य, रिफंड शून्य, लोभ असावा. ही ई-मेल काही वेळा पहाटे येते, आणि तिच्यामागोमाग मला फोन. "साहेब, नोटीस आलीय! धाड पडणार का?" हा फोन करणारा माणूस पेन्शनर असतो. पेन्शन महिना २२,०००, घरात दोन गोदरेजची कपाटं आणि एक बंद पडलेली टीव्हीएस. सुरुवातीला मी धीर द्यायचो, "छे हो, तुमच्यावर कशाला धाड पडेल!" पण माझ्या लक्षात आलं की हे ऐकून त्यांना हायसं वाटत नाही, उलट अपमान वाटतो. मान खाली जाते. धाड पडू नये असं प्रत्येकाला वाटतं, पण आपण धाडीच्या लायकीचेच नाही हे दुसऱ्यानं सांगू नये. आता मी गंभीर आवाजात म्हणतो, "बघतो, मी वरपर्यंत विचारतो." दुपारी फोन करून सांगतो, "मिटवलं." त्यांची बायको संध्याकाळी डब्यातून भडंग पाठवते. फीचं मात्र कुणी नाव काढत नाही, कारण 'पाच मिनिटांचं तर काम'.

रिफंड उशिरा आला तर खातं महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. त्या व्याजावर पुढच्या वर्षी टॅक्स लागतो. हे ऐकून एक आजोबा नुसतं म्हणाले, "दिलेलं परत घेता होय?"

आणि आता १५ सप्टेंबर २०२५ची रात्र.

त्या वर्षी ३१ जुलैची मुदत आधीच १५ सप्टेंबर केली होती. मेअखेरीस ती बातमी आली त्या दिवशी मी समजलो, संपलं. मुदत वाढली की काम पुढं जात नाही, माणसं पुढं जातात. जुलैत कुणी आलं नाही, पेरण्या आणि पाऊस. ऑगस्टमध्ये गणपती. गणपती ६ सप्टेंबरला गेले, ७ला मी मारुती रोडच्या भांडीवाल्या शेठना फोन केला. म्हणाले, "आता पितृपक्ष लागला. पंधरवड्यात शुभकार्य नको. सर्वपित्री झाली की भरू." मी म्हटलं, शेठ, टॅक्स भरणं शुभकार्य कधीपासून झालं? ते म्हणाले, "अहो, पैसे जायचेत ना? मग मुहूर्त बघून गेलेले बरे."

शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला माझ्याकडं सात रिटर्न बाकी होती. बाहेर पाऊस, आत माझं नेट धापा टाकत होतं, पडद्यावर चक्र फिरत होतं. त्यातलं एक रिटर्न होतं गावभागातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींचं. त्यांच्या नातवानं हौसेनं पासवर्ड बदलला होता आणि मग तो विसरून नोकरीवर निघून गेला होता. नवा पासवर्ड करायला आधारचा ओटीपी हवा. आजी नऊला झोपतात. चौथ्यांदा रिंग दिल्यावर फोन उचलला.

"आजी, मी इन्कम टॅक्सचा बोलतोय. तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आलेत. पटकन सांगा, आत्ता नाही सांगितले तर दंड पडेल."

पलीकडं शांतता. मग आजी ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "अमिताभ बच्चननं सांगितलंय, ओटीपी कुणाला सांगायचा नाही." आणि फोन ठेवला.

मी फोनकडं बघत बसलो. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बोलायचे, त्याचा आम्हा सगळ्यांना वैताग यायचा. आजींनी तेवढं एक मन लावून ऐकलं होतं. आणि माझं वाक्य परत आठवून पाहिलं तर अगदी तेच होतं, रात्रीची वेळ, इन्कम टॅक्सचा बोलतोय, पटकन सांगा, दंड पडेल. मीही असल्या माणसाला आकडे सांगितले नसते.

मग रेनकोट चढवून स्कूटर काढली. आजींनी दार उघडलं नाही. खिडकीतून माझ्या तोंडावर बॅटरी मारली, गजांतून नीट निरखलं. "तूच का? मग फोनवर तसला आवाज कशाला काढलास?" मोबाईल गजांतून बाहेर दिला. ओटीपीची वेळ संपली होती. दुसरा मागवला. चक्र. परत मागवला. चक्र. माझ्या टोपीवरून पाण्याचे थेंब त्या मोबाईलवर पडत होते आणि आजी आतून पदरानं पुसायला सांगत होत्या. मला पदर नाही हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. बाराला दहा-बारा मिनिटं होती. माझा फोन वाजला. मुदत एक दिवस वाढवली, १६ सप्टेंबर. त्याच पत्रकात पुढं असंही होतं की दुरुस्तीसाठी पोर्टल रात्री १२ ते अडीच बंद राहील.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"एक दिवस वाढला. झोपा तुम्ही. उद्या येतो."

"मग उठवलंस कशाला?"

सकाळी आठला ऑफिस उघडायला गेलो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर भांडीवाले शेठ बसलेले. मांडीवर पिशवी. बातमी त्यांना कळली होती. मला बघून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक दिवस वाढवलात. चांगलं केलंत." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "पण वाढवायचंच होतं, तर सर्वपित्रीपर्यंत वाढवायचं की वो."